कळतं पण वळत नाही? की कळलंय काही वेगळंच? (बाबांच्या बीपीच्या गोळ्या)

मासुंदाकाठ | ६ जानेवारी, रात्री ११:४०

मंडळी, जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आज दुपारी जुन्या पावत्या शोधताना बाबांच्या कपाटाचा खालचा खण उघडला. इन्शुरन्सच्या फायलीखाली बीपीच्या गोळ्यांच्या चार स्ट्रिप्स. अख्ख्या, एकही गोळी फोडलेली नाही. दर महिन्याला केमिस्टकडून मीच आणते. म्हणजे हिशेब सरळ आहे, गोळ्या घरात येतात पण बाबांच्या पोटात जात नाहीत.

बाबा ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला सहा फेऱ्या. १४०/९० हा आकडा त्यांना तोंडपाठ आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं हे ते घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवतात, आणि तेही पाहुण्याच्या हातात पापड असताना. समोरच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये शेजारी बाबाच बसले होते. तेव्हा माहिती नाही म्हणून गोळी घेत नाहीत, हे कारण बाद.

यातला विनोद असा की मी सध्या रात्री जागून सार्वजनिक आरोग्याची पदविका करतेय आणि नेमकं चालू असलेलं प्रकरण आहे 'आरोग्य आणि वर्तनाचे सिद्धांत'. पहिलाच धडा हेल्थ बिलीफ मॉडेलचा. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने टीबी शोधायला एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये नेल्या. तपासणी फुकट, गाडी दाराशी, तरी लोक येईनात. तिथल्या हॉकबॉम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी 'लोकांना अक्कल नाही' असं म्हणून फाईल बंद केली नाही. जे आले त्यांच्या डोक्यात काय होतं आणि जे आले नाहीत त्यांच्या डोक्यात काय होतं, हे विचारलं. हॉकबॉमच्या १९५८ च्या अहवालात आकडे आहेत. 'आपल्याला टीबी असू शकतो' आणि 'लवकर सापडला तर फायदा आहे' हे दोन्ही ज्यांना पटलं होतं, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न पटलेल्यांत २१ टक्के.

त्यावरून चार प्रश्न निघाले. मला हे होऊ शकतं का? झालं तर किती वाईट? उपायाचा फायदा किती? उपायाची कटकट किती? मी वहीत बाबांचे मार्क मांडले. पहिल्या तिन्हीत पैकीच्या पैकी. कटकट म्हणावी तर दिवसाला एक गोळी, तीही मुलगी आणून देते.

मग खणातल्या चार स्ट्रिप्सचं काय? आई म्हणते, "कळतं पण वळत नाही, दुसरं काय." बाबांना अजून काही बोलले नाही. स्ट्रिप्स होत्या तशा ठेवल्यात. काय करू?

खोपटचा_राजा | ६ जानेवारी, रात्री ११:५८

सरळ पॅरालिसिसचे व्हिडिओ दाखवा. आमच्या मामांना दाखवले, दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू. सिद्धांत वगैरे नंतर.

बिनसाखरेचा | ७ जानेवारी, सकाळी ७:१०

@खोपटचा_राजा, मामा अजून घेतायत का?

खोपटचा_राजा | ७ जानेवारी, सकाळी ७:३२

विचारून सांगतो.

बिनसाखरेचा | ७ जानेवारी, सकाळी ९:०५

विचाराच. भीतीवर एक जुना आणि फार गमतीचा प्रयोग आहे. १९६५, येल विद्यापीठ, लेव्हेंथाल आणि सहकारी. विद्यार्थ्यांनी धनुर्वाताची लस घ्यावी म्हणून पत्रकं वाटली. काहींना साधी, काहींना अंगावर काटा आणणारी, फोटोंसकट. काटावाल्यांची भीती वाढली, लस घ्यायलाच हवी असंही ते म्हणू लागले. पण नुसतं पत्रक वाचून खरोखर लस टोचून घेतलेले निघाले सुमारे ३ टक्के.

मग काही जणांना पत्रकासोबत आरोग्यकेंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला आणि 'आठवड्याचं वेळापत्रक बघून कधी जाणार ते ठरवा' म्हणून सांगितलं. ते गेले सुमारे २८ टक्के. केंद्र कुठे आहे हे या पोरांना आधीपासून ठाऊक होतं! नवीन माहिती काहीच दिली नव्हती. फक्त 'घेईन' चं 'मंगळवारी लेक्चर संपलं की जाईन' झालं.

त्यामुळे ताई, व्हिडिओ नको. गोळी नक्की कधी, कुठे बसून, कशानंतर, एवढं बाबांकडूनच ठरवून घ्या.

ऐरोली_तिसरीपाळी | ७ जानेवारी, दुपारी ३:२०

आत्ता उठलो. तुमच्यासाठी दुपार, माझ्यासाठी सकाळ.

रबाळ्याला एमआयडीसीत कंपनी, तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. डायबिटीस अकरा वर्षं. माझ्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय 'सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणानंतर'. कुठली सकाळ? या आठवड्यात माझा नाश्ता दुपारी चारला आणि जेवण पहाटे अडीचला. पुढच्या आठवड्यात पहाटे साडेचारला घर सोडायचं. बिनसाखरेचा म्हणतात कशानंतर ते ठरवा. माझ्या दिवसात रोज एकाच वेळी येणारी गोष्ट एकच, कंपनीचा भोंगा, आणि तो वाजतो तेव्हा मी कधी आत असतो तर कधी झोपेत.

रात्रपाळीला कॅन्टीनमध्ये काय मिळतं? वडापाव, समोसा, साखर घालूनच उकळलेला चहा. डाएटचा चार्ट माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटलाय. मला सगळं कळतं. वळायचंही आहे. वळायला रस्ता द्या. ज्यांच्याकडे तलावपाळी आणि पेन्शन आहे त्यांच्यासाठी हे सिद्धांत ठीक आहेत. (ताई, तुमच्या बाबांवर राग नाही.)

संशयात्मा | ७ जानेवारी, सायंकाळी ६:४५

ऐरोलीकरांना अनुमोदन. या विषयाचं मूळ दुखणंच ते आहे, सगळं डोक्यात शोधायचं. आणि सिद्धांत तरी किती? २०१५ मध्ये एका गटाने वर्तनबदलाचे सिद्धांत मोजले तर ८२ भरले. एकाच घरातल्या जावांसारखे, प्रत्येकीचा मसाल्याचा डबा वेगळा आणि आत मात्र तेच तिखट-हळद.

सगळ्यात लाडका तो 'टप्प्यांचा'. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी सिगारेट सोडणाऱ्यांवरून मांडला. आधी विचारच नाही, मग विचार, मग तयारी, मग कृती, मग टिकवणं. ऐकायला गोड, भिंतीवर चिकटवायला उत्तम. पण २००५ मध्ये रॉबर्ट वेस्ट या व्यसनांच्या अभ्यासकाने लिहिलं की हे मॉडेल आता मोडीत काढा. पुष्कळ लोक कसलीही तयारी न करता एका सकाळी उठून सिगारेट सोडतात, आणि टप्प्यांच्या सीमारेषा वाटेल तशा आखलेल्या आहेत. माझ्या काकांनी तंबाखू सोडली ती अशीच, लोकलमध्ये पुडी संपली आणि पुढची घेतलीच नाही. टप्पा विचारला तर म्हणतील, मुलुंड.

पुढे याच वेस्टने सुझन मिची आणि आणखी एका सहकारी बाईंबरोबर २०११ मध्ये एक सुटसुटीत मांडणी केली. कुठलीही कृती व्हायला तीन गोष्टी लागतात, करण्याची कुवत, करायला वाव आणि करावंसं वाटणं. मधला शब्द बघा, वाव. ऐरोलीकरांकडे कुवत आहे, इच्छा आहे, वाव नाही. तिथे समुपदेशन करणं म्हणजे पंक्चर झालेल्या सायकलला घंटी बसवणं.

कळवा_ओपीडी | ८ जानेवारी, रात्री १०:१५

सकाळी ओपीडी, दुपारी रिपोर्ट, आत्ता मोकळा झालो. मी डॉक्टर आहे, पण इथे औषध लिहून देत नाही, ते आधीच सांगतो.

मासुंदाकाठ ताई, धागा छान सुरू केलात, पण हॉकबॉमच्या अभ्यासातली नेमकी कळीची ओळ तुम्ही गाळलीत. तिथे 'मला टीबी होऊ शकतो' एवढाच प्रश्न नव्हता. 'मला काहीही त्रास होत नसताना टीबी असू शकतो' हे पटलंय का, हा प्रश्न होता. सगळं गाडं तिथे अडतं. बाबांना तुम्ही मार्क दिले ते दुसऱ्यांच्या आजाराबद्दलच्या ज्ञानाचे. स्वतःच्या बीपीबद्दल त्यांची समजूत काय आहे, हे तुम्ही विचारलेलंच नाही.

वर बिनसाखरेचा यांनी ज्यांचा उल्लेख केला तेच लेव्हेंथाल पुढे याच प्रश्नाकडे वळले. १९८५ मध्ये मेयर, लेव्हेंथाल आणि गुटमान यांनी बीपीच्या रुग्णांशी बोलून एक निबंध लिहिला. बहुतेक रुग्ण म्हणाले, 'बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही, बरोबर आहे.' आणि त्याच रुग्णांपैकी बहुतेक पुढे म्हणाले, 'पण मला माझं कळतं.' कोणाचं डोकं जड होतं, कोणाचा चेहरा तापतो. गोळी घ्यायची की नाही हे ते त्या खुणेवरून ठरवत होते. माझ्या ओपीडीत हे वाक्य रोज ऐकतो, फक्त मराठीत. 'डॉक्टर, मला बीपी वाढलं की लगेच समजतं, मानेत धरतं.'

यात मूर्खपणा काहीच नाही. आयुष्यभर आपण आजारपण असंच शिकलेलो असतो. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, गोळी बंद. दुखणं आहे तोवर औषध. त्या हिशेबाने तुमचे बाबा अगदी शहाण्यासारखे वागतायत. मशीनवर १२८ आलं, म्हणजे बरे झालो, मग गोळी कशाला? १२८ गोळीमुळे आलंय, ही उलटी बाजू कोणी बसून सांगत नाही. मी तरी कधी सांगतो? एका सकाळी ऐंशी पेशंट, एकेकाला तीन मिनिटं. मी विचारतो, 'गोळ्या चालू आहेत ना?' समोरून येतं, 'हो.' त्या 'ना' मध्येच उत्तर आहे.

अलीकडे मी प्रश्न बदललाय. 'सगळ्यांच्याच राहतात अधूनमधून. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?' पहिल्या दिवशी इतकी खरी उत्तरं आली की मलाच घाम फुटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच. म्हणजे बीपी कमी होत नाही म्हणून मी डोस वाढवतो, तेव्हा दर दुसऱ्या कागदावर मी खणातल्या गोळ्यांचा डोस वाढवत असेन.

एक महत्त्वाचं. राहिलेल्या गोळ्या बाबांनी मनाने एकदम सुरू करू नयेत. आधी बीपी मोजून त्यांच्या डॉक्टरांना खरं काय ते सांगा. काही औषधं अचानक थांबवणंही घातक असतं, त्यामुळे हे सांगताना लाजू नका.

खोपटचा_राजा | ८ जानेवारी, रात्री १०:४०

मामींना फोन केला. मामांची गोळी व्हिडिओनंतर बारा दिवस चालली. आता मामा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर माझे मेसेज उघडत नाहीत.

बिनसाखरेचा | ८ जानेवारी, रात्री १०:४४

😂

तुर्भे_स्टोअर | ९ जानेवारी, दुपारी १:३०

मी काही शिकलेली मॉडेलवाली नाही. तुर्भ्याच्या वस्तीत काही वर्षं टीबीच्या पेशंटला गोळ्या द्यायचं काम केलं. आधी आठवड्यात तीनदा समोर बसवून गोळ्या द्यायच्या, २०१७ च्या सुमारास रोजच्या गोळ्या आल्या. मग पाकिटावर गोळीच्या मागे फोन नंबर लपलेला असायचा, गोळी काढली की नंबर दिसणार, त्यावर फुकटचा कॉल करायचा, म्हणजे नोंद झाली.

डॉक्टर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात खोकला जातो, भूक लागते, वजन भरतं. नेमके तेव्हाच पेशंट पळतात. आजारी असताना कधी पळत नाहीत हो! बरं वाटलं की पळतात. मी पहिल्याच दिवशी सांगायला लागले, 'दीड-दोन महिन्यांनी तुम्हाला वाटेल मी बरा झालो. त्या दिवशी मला बोलवा, चहा प्यायला.' काही जण खरंच बोलवायचे.

आणि एक बाई होती, नव्याने लग्न झालेली. फोनवर नोंद रोज यायची पण तब्येत काही सुधरेना. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सासरी सांगितलेलंच नाही. पाकीट माहेरी, आई गोळी काढायची, नंबर फिरवायची आणि गोळी डब्यात ठेवायची, लेक आली की देऊ म्हणून. आता यात तिला काय समजावणार? आजार तिला कळत होता. तिला भीती टीबीची नव्हती, सासूची होती. शेवटी समोरच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गोळ्या ठेवल्या. ब्लाउज टाकायला, बटण लावायला, काहीतरी निमित्त काढून रोज जायची. कोर्स पूर्ण केला. त्या ताईंनी बिचारीचे किती ब्लाउज उसवून पुन्हा शिवले देव जाणे.

पैशाचंही सांगते. २०१८ पासून सरकार पेशंटला पोषणासाठी महिना ५०० रुपये देतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. लोक म्हणतात पैशाने सवय लागत नाही. खात्यात वेळेवर आले तर अंडी येतात, आणि रिकाम्या पोटी त्या गोळ्या घेऊन बघा एकदा.

संशयात्मा | ९ जानेवारी, दुपारी २:०५

ताई, तुम्ही 'मॉडेलवाली नाही' म्हणता आणि सगळी मॉडेलं एका परिच्छेदात कोळून प्यायल्यासारखं लिहिता. _/\_

पैशावरून आठवलं. उदयपूरच्या खेड्यांत बॅनर्जी, दुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी २०१० साली छापलेला लसीकरणाचा प्रयोग. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं तर १८ टक्के. शिबिर आणि प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ, पूर्ण डोस झाल्यावर ताटांचा संच, तर ३९ टक्के. आयांना लसीबद्दल तिरस्कार नव्हता. एक मजुरी बुडवून जायचं, आणि तिथे कुलूप असलं तर? डाळीने आजचा फायदा आज हातात दिला.

गडकरीकट्टा | ९ जानेवारी, रात्री ९:००

एवढं कशाला? कुठलीही सवय २१ दिवसांत लागते. २१ दिवस बाबांच्या समोर उभ्या राहा, बास.

बिनसाखरेचा | ९ जानेवारी, रात्री ९:२५

आला २१ चा आकडा, वाटच बघत होतो. हा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणातून पसरला. नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. 'किमान' कुठेतरी वाटेत गळलं आणि 'चेहरा' पण.

प्रत्यक्षात मोजलं ते लंडनला फिलिपा लॅली यांनी. ९६ जण, प्रत्येकाने एक छोटी सवय निवडली. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात त्याचा अंदाज बांधला तो मध्यावर ६६ दिवसांचा, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर गाडी फारशी घसरत नाही. आपल्याकडे एक उपास मोडला की सगळं संपलं म्हणून साबुदाणेवड्यावर बटाटेवडा खाणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी.

गडकरीकट्टा | ९ जानेवारी, रात्री ९:३१

शेवटचं वाक्य वैयक्तिक आहे, निषेध.

मासुंदाकाठ | १२ जानेवारी, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. काल रविवारी बाबांशी बोलले. स्ट्रिप्स समोर ठेवल्या नाहीत. डॉक्टरांचा प्रश्न जसाच्या तसा वापरला, "बाबा, सगळ्यांच्याच राहतात, तुमच्या गेल्या आठवड्यात किती राहिल्या?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "राहिल्या नाहीत. लागल्या नाहीत."

डोकं जड वाटलं की घेतात. या आठवड्यात वाटलंच नाही! आणि बघा, मागच्या महिन्यात मशीनवर १३० आलं, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर. मी वहीत 'फायदा: पैकीच्या पैकी' लिहिलं होतं. कसला फायदा, तर डोकं हलकं होण्याचा. आम्ही दोघं इतकी वर्षं वेगवेगळ्या आजाराबद्दल बोलत होतो.

मग अजून एक निघालं, ते बाबांनी फार आढेवेढे घेत सांगितलं, आई आत गेल्यावर. त्यांच्या गोळीत लघवीचं औषध पण आहे. सकाळी घेतली की तिसऱ्या फेरीला घाई होते. सार्वजनिक शौचालयात जायला त्यांना आवडत नाही, घरी परत यावं तर मित्र विचारतात. म्हणून फिरायला जायच्या आधी गोळी नको, आणि फिरून आल्यावर डोकं हलकंच असतं, मग कशाला घ्यायची. आणि मी 'कटकट: शून्य' लिहून मोकळी!

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. बीपी १५८/९६. बाबा तिथे बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले, कारण डोकं हलकं होतं. डॉक्टरांनी गोळी फिरून आल्यावर घ्यायला सांगितलीय, आणि दोन आठवडे रोज दोन गोष्टी वहीत लिहायच्या, आधी 'आज बीपी किती असेल असं वाटतं' आणि मग मशीनचा आकडा. बँकेतला माणूस, ताळेबंद म्हटल्यावर खूष आहे.

बाबांनी वेळ स्वतःच ठरवली. आठला फिरून येतात, चष्मा काढतात, शब्दकोडं घेतात. गोळी चष्म्याच्या डबीत.

ऐरोली_तिसरीपाळी | १३ जानेवारी, पहाटे ५:१०

हे बरंय, पाळीला निघताना वाचलं. कळवा_ओपीडी, तो प्रश्न माझ्या डॉक्टरांनी कधी विचारला नाही, पण मीच सांगून टाकतो या वेळी. पाळीचं वेळापत्रक छापून नेतो, त्यावरच गोळ्यांच्या वेळा लिहून द्या म्हणतो. कॅन्टीनचं बघू, बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास ठेवा म्हणून युनियनकडे अर्ज टाकलाय. नऊ सह्या झाल्या. मला वाटलं होतं डायबिटीसवाला मी एकटाच आहे.

कळवा_ओपीडी | १३ जानेवारी, रात्री १०:५०

जरूर न्या. आणि डॉक्टरांनी कपाळावर आठी घातली तरी कागद पुढे करा. तीन मिनिटांत छापील कागद सगळ्यात भरभर वाचला जातो.

मासुंदाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला. २८ दिवसांत २४ गोळ्या. बीपी आज १३२/८४. वहीतला 'वाटतं' चा रकाना आणि मशीनचा रकाना एवढ्या दिवसांत जेमतेम पाच वेळा जुळले. सोळाव्या दिवशी बाबांनी 'वाटतं' च्या जागी नुसती फुली मारलीय.

राहिलेल्या चार गोळ्या कुठल्या ते पाहिलं. चारही रविवार. रविवारी भाऊ डोंबिवलीहून येतो आणि शब्दकोडं तो आधीच सोडवून ठेवतो.

तुर्भे_स्टोअर | १० फेब्रुवारी, रात्री १०:४१

मग रविवारी दोन पेपर घ्या की.